१९० एसएल विकायला आहे. रंग बदललेला, इंजिन दुसरं. घ्यावी का?

नेकारकाठचा

मंडळी, या विभागात बहुतेक धागे "क्रेटा घेऊ की सेल्टॉस" असे असतात. हा त्यात बसत नाही, पण गाड्यांचं खरं वेड असलेले लोक इथेच भेटतात म्हणून इथेच टाकतोय.

मी स्टुटगार्टजवळ राहतो. हाइलब्रॉनच्या बाजूला एका निवृत्त गृहस्थांकडे १९५९ सालची मर्सिडीज १९० एसएल रोडस्टर विकायला आहे. पांढरी, आत लाल चामडं, काळं कापडी छप्पर. मागणी एक लाख अठरा हजार युरो. "संपूर्ण नूतनीकरण केलेली" असं जाहिरातीत आहे. दिसायला अशी आहे की मी पहिल्या भेटीत धड प्रश्नच विचारले नाहीत.

आतापर्यंत कळलेलं असं: नूतनीकरण दहा-बारा वर्षांपूर्वीचं. गाडी नवी असताना अमेरिकेला गेली होती, कॅलिफोर्नियातून परत आली. कारखान्याच्या डेटा कार्डावर रंग चंदेरी करडा आणि आतलं चामडं निळं लिहिलंय. इंजिन १९० एसएलचंच आहे, पण नंबर कार्डाशी जुळत नाही. मूळ सॉलेक्स कार्बोरेटर काढून वेबर बसवलेत. नूतनीकरणाचे फोटो आहेत का विचारलं तर "शोधून देतो" म्हणाले.

पैसे साठवलेले आहेत, कर्ज काढायचं नाही. गाडी चालवायची आहे, झाकून ठेवायची नाही. या भावाला पटते का?

खडूस_पुणेकर

एवढ्यात वाकडला टू बीएचके येतो. त्याला गंज लागत नाही.

शून्यप्रहर

@खडूस, गंज नाही, पण सोसायटीची सर्वसाधारण सभा लागते. त्यापेक्षा गंज बरा.

अण्णा_कुर्ला

निम्मं आयुष्य कुर्ल्याच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांत गेलंय, म्हणून एकच सांगतो. छोटा लोहचुंबक रुमालात गुंडाळून खिशात घालून जा. मालक चहा आणायला आत गेला की दारं, बॉनेट, डिकी सगळीकडून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली समजा. रंग कितीही चकाचक असू दे, चुंबक खोटं बोलत नाही.

प्राजक्ता_एस

अण्णा, सल्ला सोन्यासारखा, फक्त या गाडीपुरता उलटा. १९० एसएलची दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तिथे चुंबक चिकटला तर घाबरायचं. :)

नेकारकाठचा, मी बॉडीच्या कामात आहे. माझं रोजचं काम नव्या गाड्यांचं, पण शनिवार-रविवार या म्हाताऱ्यांच्या पोटाखाली जातात. तेव्हा सविस्तर लिहिते.

ही गाडी दिसते मर्सिडीजच्याच ३०० एसएल या महागड्या स्पोर्ट्स गाडीच्या धाकट्या बहिणीसारखी, आणि कंपनीला ती तशीच दिसायला हवी होती. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दोघी एकत्र मांडल्या होत्या. पण आतून काडीचा संबंध नाही. ३०० एसएलला नळ्यांचा सांगाडा आहे. १९० एसएल उभी आहे १८० पाँटॉन या साध्या सेडानच्या आखूड केलेल्या तळावर. म्हणजे ताकद सगळी तळाच्या पत्र्यात आणि दाराखालच्या पेटीत, म्हणजे सिलमध्ये. ते सडलं की गाडी मधून बसते. दार उघडताना-मिटताना कुठे घासतं, दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, हे आधी बघा. मग जॅकवर एक बाजू उचलून पुन्हा तेच दार उघडून बघा. फट बदलली तर नमस्कार करून घरी या.

दुसरं, पुढचे-मागचे मडगार्ड बोल्टने बसवलेले नाहीत, वेल्ड केलेले आहेत. त्यामुळे पुढच्या दिव्यांच्या मागे जो चिखल साठतो तो काढायला कोणी जात नाही आणि पत्रा आतून खातो. तिथे नीट काम करायचं तर कापावं लागतं, खर्च बेसुमार. म्हणून बरेच लोक वरून लांबी भरून मोकळे होतात. अण्णांचा चुंबक तिथे फिरवा, चाकांवरच्या भुवयांवर फिरवा, सिलवर फिरवा. डिकीतली स्टेपनीची जागा हाताने चाचपा. अ‍ॅल्युमिनियम जिथे पोलादाला टेकतं, त्या कडेलाही रंगाखाली फोड येतात.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: फोटो. नूतनीकरण करणारा माणूस गाडी उघडी-नागडी असतानाचे फोटो काढतोच. शेकड्याने काढतो. ज्याच्याकडे फक्त तयार गाडीचे फोटो आहेत त्याच्याकडे तुम्हाला दाखवण्याजोगं काही नाही, असं धरून चाला. रंग, चामडं, क्रोम हे पैसे टाकले की होतं. आतला पत्रा कोणी, कसा जोडला, हे फक्त तेव्हाच दिसतं.

वाचनवेडी

वाखुसा (वाचनखूण साठवली). मी दुचाकीही चालवत नाही, तरी प्राजक्ताताईंचा प्रतिसाद पूर्ण वाचला.

मिलिंद_एफएफएम

फ्रांकफुर्टहून एक अवांतर. १९५७ साली इथे रोझमारी निट्रिबिट नावाच्या उंची वारांगनेचा तिच्या फ्लॅटमध्ये खून झाला. मारेकरी आजपर्यंत सापडलेला नाही. तिच्याकडे काळी १९० एसएल होती, आत लाल चामडं. शहरातल्या बड्या धेंडांचं तिच्याकडे येणं-जाणं होतं म्हणून प्रकरण देशभर गाजलं, आणि गाडीसुद्धा. कितीतरी वर्षं लोक या मॉडेलला "निट्रिबिट मर्सिडीज" म्हणत. प्रतिष्ठित घरांतल्या मंडळींना तेव्हा ही गाडी दारात उभी करायला संकोच वाटे म्हणतात. आज त्याच रंगसंगतीला गिऱ्हाईक जास्त!

शून्यप्रहर

धागा गाडीवरून खुनावर आला. पॉपकॉर्न आणतो.

मूळप्रत

मी इथे एकटा विरोधी पक्ष दिसतोय, तरी बोलतो.

१९५५ ते १९६३ मध्ये या गाड्या २५,८८१ बनल्या. बीएमडब्ल्यू ५०७ सारख्या २५२ नव्हे. म्हणजे दुर्मीळ नाही, बाजारात कायम असते, निवडायला वाव आहे. अशा वेळी इंजिन वेगळं, रंग वेगळा, चामडं वेगळं, कार्बोरेटर वेगळे अशी गाडी का घ्यायची? करडी-निळी हा या गाडीचा सगळ्यात देखणा जोड होता. तो खरवडून कोणीतरी पांढरी-लाल केली, कारण पांढरी-लाल लवकर विकली जाते. हे नूतनीकरण नव्हे, विक्रीची तयारी.

शिवाय तुम्ही कधीतरी विकाल. तेव्हाचा गिऱ्हाईक हेच सगळं तुमच्यासमोर वाचून दाखवेल.

ग्रीसगन

@मूळप्रत, तुमची गाडी किती चालते हो वर्षाला?

मी युरोपात नाही, पुण्यातच जुन्या गाड्यांची कामं करतो, पण सॉलेक्स ४४ पीएचएच हाताळलेत. लिहून ठेवा: नव्या अवस्थेत उत्तम, साठ वर्षांनी डोकेदुखी. थ्रॉटलचा दांडा झिजतो, बाजूने हवा शिरते, आयडलिंग वर-खाली डोलत राहतं. दुसरी स्टेज व्हॅक्यूमवर उघडते, ती कधी उघडेल ते तिचं तिलाच ठाऊक. कार्बोरेटरची बॉडी तापून वाकलेली असली तर पॅकिंग बदलून काही होत नाही. नीट करून देणारे लोक आहेत, पण ते रांग लावतात आणि पैसे मोजून घेतात. म्हणून जगभर लोकांनी वेबर ४० डीसीओई लावले. सकाळी पहिल्या चावीला सुरू होते. चालवायची गाडी असेल तर वेबर हा दोष नाहीच. फक्त मूळ एअर फिल्टरची पेटी बसवायला खटपट असते, ती जपून ठेवलीये का एवढं विचारा.

इंजिनाचंही तेच. नंबर जुळत नसला तरी त्याच जातीचं एम १२१ आहे ना? कॉम्प्रेशन मोजा, ऑइल प्रेशर गरम झाल्यावर बघा, इंजिनाच्या डोक्यात (सिलिंडर हेडमध्ये) शिसेविरहित पेट्रोलला चालणाऱ्या कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का विचारा. झालं.

मूळप्रत

@ग्रीसगन, वर्षाला चालते तेवढी पुरते. सॉलेक्सवर. :)

हायवे_हरी

माझा भाबडा प्रश्न. "एसएल", रोडस्टर, एवढा थाट, आणि ताकद १०५ अश्वशक्ती? शंभरला पोचायला साधारण चौदा सेकंद? माझी स्विफ्ट मागे टाकेल की.

प्राजक्ता_एस

टाकेल. खुशाल टाका. ही गाडी शर्यतीसाठी नव्हतीच. टप उघडून ऊन घेत सरोवराकाठून आरामात जाण्यासाठी होती. वजन साडेअकराशे किलोच्या वर, इंजिन १८९७ सीसी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. १९५५ मध्ये किंमत १६,५०० मार्क होती. ३०० एसएल गलविंगला (पंखासारखी वर उघडणारी दारं असलेलीला) २९,००० मोजावे लागत. "मोठीचं रूप, छोटीचा खर्च" असा सगळा हिशेब. अमेरिकेत गाड्या आयात करणाऱ्या मॅक्स हॉफमन यांनी कंपनीच्या मागे लागून दोन्ही काढायला लावल्या, आणि त्यांना आपलं गिऱ्हाईक बरोबर कळलं होतं.

मिलिंद_एफएफएम

तरी शर्यत अगदीच नशिबात नव्हती असं नाही. १९५६ ची मकाव ग्रां प्री १९० एसएलनेच जिंकली होती. काच उतरवून, वजन कमी करून.

हायवे_हरी

बरं, शब्द मागे. स्विफ्टने मकाव जिंकलेलं नाही.

वडापवाला

आता माझं ऐका. कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, कारण ही माहिती आमच्या सातारा-कोल्हापूरकडच्या लोकांनी छाती फुगवून सांगावी अशी आहे.

१९० एसएलचं एम १२१ हे पेट्रोल इंजिन. त्याच घराण्यातून ओएम ६२१ हे डिझेल इंजिन निघालं, १९५८ च्या १९० डी सेडानमध्ये ते आलं. त्याचं पुढे ओएम ६१५, मग ओएम ६१६ झालं. आणि ओएम ६१६ परवाना घेऊन कोणी बनवलं? आकुर्डीच्या बजाज टेम्पोने! तेच त्यांच्या ट्रॅक्स गाडीत बसलं. म्हणजे कराड-पाटण रस्त्यावर आत चौदा, मागे लटकलेले चार आणि टपावर कोंबड्यांची पाटी घेऊन घाट चढणारी आमची वडापची गाडी ही या रोडस्टरची नात लागते.

निट्रिबिटबाईंना हे माहीत असतं तर त्यांनी टपावर कॅरियर लावून घेतला असता.

खडूस_पुणेकर

हा प्रतिसाद फ्रेम करून लावा. आणि आता मला गाडी आवडायला लागली.

ग्रीसगन

वडापवाल्यांचं बरोबर आहे. ट्रॅक्सचं इंजिन उघडून झाल्यावर मर्सिडीजच्या जुन्या चार सिलिंडरवाल्याचं पुस्तक उघडा, सगळं ओळखीचं दिसतं. नेकारकाठचा, तुम्हाला तिकडे मेकॅनिक मिळाला नाही तर आमच्याकडचा ट्रॅक्सचा मिस्त्री पाठवतो. भाषेचा प्रश्न येणार नाही, तो तसाही फक्त इंजिनाशी बोलतो.

दादरकर_आजोबा

चिरंजीव, गाडी पुढेमागे इकडे आणायचा विचार आहे का? आमच्या वेळी अशा गाड्या संस्थानिकांकडे पाहिल्यात, रस्त्यात उभं राहून पाहत असू.

नेकारकाठचा

आजोबा, नाही. तिथे आणून करणार काय? स्टिअरिंग डाव्या बाजूला, कस्टमचा खर्च वेगळा. ती इथेच राहील.

शून्यप्रहर

आजोबांसाठी भर: आपल्याकडे २०२१ पासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांना "व्हिंटेज" म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढायची.

दादरकर_आजोबा

म्हणजे आमच्यासारखंच. दवाखाना आणि लग्नकार्य.

मिलिंद_एफएफएम

जर्मनीतलं सांगतो. तीस वर्षांवरची गाडी तपासणीत मूळ स्वरूपाला धरून आणि चांगल्या स्थितीत ठरली की नंबरपाटीवर शेवटी "एच" मिळतो. मग वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो, इंजिन कितीही मोठं असो. शहरांच्या पर्यावरण पट्ट्यातही (जिथे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असते) जाता येतं. हंगामी पाटी घेतली तर कर आणखी कमी. विमा मात्र मूल्यांकनाच्या अहवालावर ठरतो, म्हणून स्वतंत्र तज्ज्ञाचा ताजा अहवाल करून घ्या. विकणाऱ्याने स्वतः करून घेतलेला जुना अहवाल दाखवला तर हसून परत द्या. इथे स्थितीला १ ते ५ गुण देतात, १ म्हणजे कारखान्यातून आल्याहून बरी. जाहिरातीतल्या सगळ्या गाड्या "२" असतात. बघायला गेलं की ३ निघतात.

आणि खासगी माणूस करारात "हमी नाही" असं लिहून मोकळा होऊ शकतो. जाणूनबुजून दोष लपवला हे सिद्ध करता आलं तरच पुढे काही. म्हणून जे तोंडी सांगतो ते कागदावर लिहून घ्या: नूतनीकरण कोणत्या वर्षी, कोणी, काय काय. परदेशातून आलेली आहे तर कस्टमचा कागदही मागा.

वाचनवेडी

नेकारकाठचा गायब झाले. घेतली वाटतं.

अण्णा_कुर्ला

किंवा चुंबक चिकटून राहिलाय.

नेकारकाठचा

आहे आहे! सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

प्राजक्ताताईंची यादी छापून नेली आणि स्वतंत्र तज्ज्ञाला सोबत घेतलं. गृहस्थ आधी जरा रागावले, मग त्या तज्ज्ञाची आणि त्यांची स्वाबियन या इथल्या बोलीत अशी जमली की मी तिसराच झालो. गाडी रँपवर चढवली.

चांगलं आधी. तळ नवा आहे आणि नीट बसवलाय, वेल्ड एकसारखे. सिल ठणठणीत. जॅक लावून दार उघडून पाहिलं, फट हलली नाही. फोटो मिळाले! गृहस्थांच्या मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर होते. तळ कापलेला, सँडब्लास्ट झालेला, पहिला प्राइमर, सगळं. पुढचा उजवा मडगार्ड कापून आतून केलेला दिसतो.

डावा मडगार्ड मात्र फोटोत कुठेच कापलेला नाही. अण्णा, तिथे दिव्याच्या मागे तुमचा चुंबक घसरला. तज्ज्ञाच्या मोजणीयंत्रानेही लांबीचा जाड थर दाखवला. पत्रा आतून गेलाय किंवा नाही हे दिवा काढल्याशिवाय कळणार नाही, आणि दिवा काढू द्यायला गृहस्थ तयार नाहीत.

इंजिन कोरडं, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळजवळ सारखं. मागच्या ब्रेकला गळती सुरू आहे. पुढच्या किंगपिनना (ज्यावर चाक वळतं त्या खुंट्यांना) ग्रीस बऱ्याच दिवसांत लागलेलं नाही, स्टिअरिंग जड. तज्ज्ञाने तोंडी "३ अधिक" म्हटलं. मिलिंद, जाहिरातीत अर्थातच "२" होतं.

आणि मूळप्रत, खास तुमच्यासाठी: तळघरात एका लाकडी खोक्यात दोन्ही मूळ सॉलेक्स, एअर फिल्टरची पेटी आणि निळ्या चामड्याचा एक तुकडा आहे.

मूळप्रत

खोकं सोडू नका! चामड्याचा तुकडाही. उद्या कोणी निळं आतलं पुन्हा करायचं ठरवलं तर नमुना तोच.

ग्रीसगन

खोकं घ्या, फळीवर ठेवा, वेबरवर चालवा. दोघांचंही समाधान.

प्राजक्ता_एस

डाव्या दिव्याचा हट्ट सोडू नका. उजवा कापला आणि डावा नाही, म्हणजे एकतर डावा खरंच चांगला होता किंवा पैसे संपले. लांबीचा जाड थर बघता मी दुसरं धरून चालेन. ते काम इथे करून घ्यायचं तर मडगार्ड, रंग आणि जुळवाजुळव धरून पाच आकड्यांत जाईल. तेवढे थेट किमतीतून वजा करून बोला. तो "दिवा काढू देणार नाही" म्हणतो ना, तर "मग पत्रा गेलेला आहे असं समजूनच भाव देतो" म्हणा. दोन्हीपैकी एक काहीतरी निवडेल.

गाडीबद्दल विचाराल तर, तळ आणि सिल फोटोंसकट चांगले असलेली १९० एसएल मला करड्या रंगाच्या, मूळ इंजिनाच्या पण न उघडलेल्या गाडीपेक्षा जास्त आवडेल. मूळप्रत रागावतील.

मूळप्रत

रागावलो नाही. करडी, मूळ इंजिनाची आणि उघडून नीट केलेली शोधा एवढंच म्हणतोय. मिळते.

खडूस_पुणेकर

त्या भावात नाही मिळत. आता आकडा सांगा.

नेकारकाठचा

मी एक लाख दोन म्हटलं. ते गप्प बसले, मग कॉफी दिली, मग एक लाख दहा म्हणाले, खोक्यासकट. दिव्याचा विषय काढला तर "पुढच्या आठवड्यात माझ्यासमोर माझ्या मेकॅनिककडून काढू" इथपर्यंत आलेत. हार्डटॉपही (काढता-घालता येणारं कडक छप्पर) आहे त्यांच्याकडे, छताला टांगलेला. त्याचे पैसे वेगळे मागतायत.

खडूस_पुणेकर

हार्डटॉपचे वेगळे? हे गृहस्थ मूळचे सदाशिव पेठेतले निघतील. शनिवारवाड्याची खूण विचारून बघा.

मिलिंद_एफएफएम

स्वाबियन आहेत ते, खडूसकाका. काटकसर पेठेतल्यांना शिकवतील.

प्राजक्ता_एस

हार्डटॉप सोडू नका, नंतर वेगळा शोधायला गेलात तर जीव मेटाकुटीला येतो. पण पैसे ठरवण्याआधी खाली उतरवून याच गाडीवर बसवून बघा. या गाड्यांची जुळवणी हाताने झालेली, दुसऱ्या गाडीचा हार्डटॉप काचेच्या चौकटीशी बसेलच असं नाही. आणि उतरवायला दोघं लागतात, एकट्याने जाऊ नका.